रिव्हर्स

सकाळी उणे एकतीस.
बर्गस्टाड बाई हॉर्न वाजवत नाहीत,
इंजिनच वर्दी देतं : टिक टिक टिक टिक,
डावीकडचा, अगदी मागचा सिलिंडर.
हा आवाज मी झोपेतही ओळखेन.

दोन हजार आठची सबर्बन. दोन लाख अडुसष्ट हजार मैल.
रंग निळा, असं कागदपत्रं म्हणतात.
लिफ्टवर चढवून मी तिच्या पोटाखाली उभा राहतो.
रस्त्यावरच्या मिठानं ब्रेकच्या नळ्या पोखरल्यात,
बोट फिरवलं की पापुद्रे हातात.
मागच्या हीटरची नळी गळते,
म्हणून तिसऱ्या रांगेत दोन घोंगड्या, एक उशी
आणि कुणाचा तरी एकच हातमोजा.
डॅशबोर्डची भेग रेडिओपर्यंत पोचलीय,
पुढच्या हिवाळ्यात पलीकडचं टोक गाठेल.
पेट्रोलचा पंप कण्हतो.
आणि रिव्हर्स टाकला की इंजिन नुसतं गुरगुरतं,
गाडी जागची हलत नाही.

मी लिहितो.
ब्रेकच्या नळ्या, सगळ्या : साडेनऊशे.
लिफ्टर, कॅमशाफ्ट, मजुरीसकट : तीन हजार सहाशे.
पंप : सातशे चाळीस.
हीटर : तीनशे दहा.
गिअरबॉक्स...
इथे पेन अडतं, आणि शाई गोठली म्हणून नव्हे...
चार हजार दोनशे.

बेरीज मी करत नाही. त्यांच्यासमोर कशी करणार,
सहावीत मला अपूर्णांक त्यांनीच शिकवले.
"नऊ हजार आठशे," बाई म्हणतात, कागद उलटा असतानाच.
"आणि विकली तर?"
अडीच. तेही टायर नवे आहेत म्हणून.

घोड्याहून नालांचं बिल मोठं झालं
की घोडा सोडून द्यायचा,
हे मी रोज कुणाला ना कुणाला ऐकवतो.
ऐकवायला तोंड उघडतो.

पण मंगळवार, गुरुवार, शनिवार
पहाटे पाचला ही गाडी चार घरांपुढे उभी राहते.
क्लिफर्ड, ज्याला पाय लांब करावा लागतो.
व्हर्डेल आणि तिची बहीण.
आर्विड, जो वाटेत चकार शब्द काढत नाही.
सत्तेचाळीस मैल माइनॉट. तिथे चार तास
यंत्र त्यांचं रक्त घेतं, धुतं, परत देतं.
परत सत्तेचाळीस मैल.
छोट्या गाडीत दोन वॉकर आणि क्लिफर्डचा पाय
एकदम मावत नाहीत. बाईंनी टेपनं मोजलंय.

"ब्रेक कर," त्या म्हणतात. "थांबता आलं पाहिजे.
हीटर राहू दे, घोंगड्या आहेत.
टिकटिक राहू दे, तिच्यावर आर्विडला डोळा लागतो.
पंपाचं पुढच्या महिन्यात बघू."
"आणि गिअरबॉक्स?"
"मागे कुठे जायचंय मला?"
त्या हसल्या नाहीत. म्हणून मीही नाही.

त्या संध्याकाळी गाडी बाहेर काढायला
आम्ही चौघांनी बॉनेटला खांदे लावले.
बाई स्टिअरिंगवर, मान वळवून, हुकूम सोडत :
डावीकडे, डेलमार. तुझी डावी.

मार्चपर्यंत गावाला कळलं होतं.
पोस्टापुढे, दवाखान्यापुढे, किराणा दुकानाच्या कडेला
एक जागा कुणी अडवत नाही,
जिच्यात शिरून सरळ पुढे निघता येतं.
पाटी नाही. बर्फ पडला
की कुणीतरी ती आरपार उपसून ठेवतं.
फक्त नवा पाद्री एकदा चुकून तिथे लावून गेला.
पुन्हा नाही लावली.

ऑगस्टात मी गॅरेजची मागची भिंत फोडली,
दुसरं दार बसवलं. लोक म्हणाले, धंदा वाढला वाटतं.
खर्च किती, ते विचारू नका.
बाईंनी विचारलं होतं.
मी सांगितलं, हवा खेळती राहावी म्हणून.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं,
चुकलेल्या गणिताकडे पाहायच्या तसं,
आणि पुढच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर,
निघून गेल्या.

पंपाचा आवाज वाढलाय.