नववी टोपली

उद्यमनगरात माझं दुकान. ग्रिल, जिने, ट्रॉलीचे हौदे.
अक्काताई घोरपडे, पोरांना पीटी शिकवणारी,
वहीच्या पानावर चित्र घेऊन आली:
मधे खांब, खांबाला साखळ्यांची झालर,
खाली टोपली.
"अशा नऊ पाहिजेत, पटवेगार मेस्त्री."
म्हटलं, यात काय, पापड वाळवणार?
"तबकडी झेलायची," म्हणाली. हसली नाही.

साखळीवर दोन दिवस गेले.
सायकलची चेन मुकी निघाली.
विहिरीची जड, तबकडी आपटून माघारी.
शेवटी लक्ष्मीपुरीत म्हशीच्या दाव्याची मिळाली,
गोठ्यात रात्री मान हलली की वाजते ती.
टांगली, लांबनं हातमोजा फेकून मारला.
छन्न.
शेजारचा लेथवाला बाहेर आला, "कोण आलं?" म्हणून.
तेवढ्यासाठी मी मजुरी निम्मी केली.

कळंब्याच्या मागच्या माळावर
पहिल्यांदा ओळीत रोवल्या, लायटीच्या खांबांसारख्या.
ओळंबा लावून. माझ्या हातची ओळ, केसाचाही फरक नाही.
पोरं तीन टोपल्या खेळली
आणि बांधावर मोबाईल काढून बसली.
अक्काताई एकटीच माळभर हिंडली,
सांजेला आली ती सलवार कुसळांनी भरून.
"सगळे उपटा."
सिमेंट ओलं होतं म्हणून बरं.

आता दुसरी बाभळींच्या मागं आहे.
उभं राहतो तिथनं नुसती तिची पिवळी कड दिसते.
उजवीकडनं वाट सोपी, वळशाची, तीन फेकीत पोचवणारी.
डावीकडं दोन बुंध्यांत फट,
दाराला अडसर राहिल्यावर राहते तेवढी.
माझं वय बावन्न, गुडघ्याची तक्रार वेगळी,
तरी दर रविवारी मी त्या फटीकडंच बघतो.
एकदा गेली होती. एप्रिलात.
साक्षीला हिंदुरावांची शेळी.

चौथीला माळ पायाखालनं सुटतो.
तळ्यावरचा वारा छातीला लागतो,
तबकडी हातातनं निघून जरा थांबल्यागत होते,
मग घारीसारखी एका अंगावर कलते
आणि उतरत राहते, उतरत राहते.
तेवढ्यात तंबाखू मळून होते.
खाली कुठं पडंल, याची कुणालाच घाई नसते.

सहावीला गुडघाभर गवत.
अर्धा डाव शोधण्यातच जातो,
म्हणून मी एकदा विळा घेऊन गेलो.
अक्काताईनं विळाच काढून घेतला.
का, ते मला पुढच्या रविवारी कळलं:
वकील सरनोबत आणि त्यांचा भाऊ,
वाटणीपासनं बोलत नव्हते,
एकाच झुडपात डोकं घालून
"इकडं बघितलास काय?" "बघितलं की रं."
तबकडी सापडली नाही.
सापडली असती तर लवकर निघाले असते.

आठवी ओघळीच्या पल्याड.
तिथं सगळ्यांची जिरते.
माझ्या तीन तबकड्या तिथं चिखलात आहेत,
त्यांचं काय सांगायचं.

आणि नववी? चाळीस पावलं. झाड नाही, खड्डा नाही.
मी भांडलो तिच्याशी. म्हटलं, ही कसली,
शेंबडं पोरगं घालंल.
"घालू दे की," ती म्हणाली,
"आठवीनंतर माणसानं हात हलवत घरी जायचं काय?"

तरी मला ती पटलेली नाही, खरं सांगतो.
फटीचा नाद लागलाय, दुसरं काय.
पण परवा अंधार पडल्यावर
टपरीवर चहा हातात घेतला होता,
आणि माळावरनं आवाज आला.
छन्न.
कुणी म्हैस सोडली, का कुणी नववी घातली,
टपरीवरनं सांगता येईना.
कप बाकावर ठेवला
आणि बघायला उठलो.