चित्राहुती

साकीनाक्याच्या गाळ्यात मी काचेला रंग चढवते,
रंग न वापरता.
डबा नाही, ब्रश नाही. थरावर थर,
इतके पातळ की मोजायलाही उजेडच लागतो.

काळं पॅनल हावरट. येईल ते गिळतं,
म्हणून काळं. त्याचा दोष नाही.
पण टिळकनगरच्या मीटिंगमध्ये परचुरे म्हणाले,
"दक्षिणेची अख्खी भिंत काळी?
लोक विचारतील, बिल्डिंगीत कोण गेलं?"
मिनिट्स लिहिणारा हसला. ठराव लटकला.

मग मी नमुने नेले, वहीएवढ्या काचा,
गच्चीवर टाकीला टेकवून ठेवल्या.
दुसऱ्या मजल्यावरच्या इंदुमती गवाणकर
चष्मा कपाळावर सरकवून एकेकीला नावं ठेवत गेल्या,
चांगल्या अर्थानं:
ही आमसुली. ही अबोली, पण धुवट.
आणि ही गं बाई, चिंतामणी!
दादरच्या दुकानात एकतीस वर्षं
साड्या उलगडलेले हात,
काचेचाही पोत चाचपून बघत होते.

भर बाराच्या उन्हात मी मीटर लावला.
आमसुली महाग पडली, शंभरातले अकरा गेले.
चिंतामणीचे पाच.
"पाच?" परचुरे. "नुसतं बघायला?"

माझ्या पिशवीत आलेख होता.
कुठली लहर परत पाठवायची, कुठली ठेवून घ्यायची,
सगळं त्यात होतं.
तो मी काढलाच नाही, कारण गवाणकरबाई म्हणाल्या,
"तुमचे वडील जेवायला बसले
की ताटाशेजारी चार शितं मांडायचे ना?
चित्राहुती.
उठले का कधी उपाशी?"

परचुरे गप्प.
मग म्हणाले, "कबुतरांचं काय?"
त्यावर माझ्याकडे कुठलाच थर नाही.

सात विरुद्ध पाच. भिंत लागली.
पुलावरून येताना लांबूनच दिसते,
जुन्या पिवळट इमारतींच्या रांगेत
एकच घडी मोडलेली साडी.
बाजूनं पाहिलं तर जराशी जांभळी पडते.
हे अहवालात लिहिलेलं नाही.

परवा चार वाजता गेले, तर गवाणकरबाई खाली उभ्या,
पदर काचेशेजारी धरून.
"किंचित उडालाय गं," म्हणाल्या.

उडणारच, मी म्हटलं.
उडाला नाही,
तर तुमच्यापर्यंत येईल कसा?