दुसरं नाव असल्यास

क्लीव्हलंडला तीन रात्री राहायचं
तर तीन दिवस आधी विचारावं लागतं, येऊ का?
पूर्वी पत्र टाकायचो, तसंच हे.
फक्त घर शालनचं
आणि होकार सरकारचा.

शेजारचा कॅलम शाळेतून थेट आला,
टाय सैल, बुटांना मैदानाचा चिखल.
वय चौदा. माझा फोन
माझ्यापेक्षा त्याचंच जास्त ऐकतो.
"सगळ्यात वर दिसते ती साइट चोर आहे," म्हणाला,
"नव्वद पाउंड उकळेल. आपण खाली जायचं."
बाळा, केटरिंगच्या बाजारातसुद्धा
पहिल्या गाड्यावर मी टोमॅटो घेत नाही.

पासपोर्टवर फोन ठेवायचा आणि हलायचं नाही.
तापल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा
तसा ठेवला.
आत कुठेशी चिप असते. ती बोलेपर्यंत
आम्ही दोघं श्वास धरून.
बाहेर कचऱ्याची गाडी डबे आपटत गेली.
मग चेहरा. चष्मा काढा, हसू नका.
हसत नव्हतेच मी.

मग प्रश्न.
दहशतवादी कृत्यात सहभाग? नाही.
संसर्गजन्य रोग? नाही, गुडघे फक्त.
हेरगिरी?
एकदा. जावेचं पत्र, किटलीच्या वाफेवर उघडलेलं,
एकोणऐंशी साली.
"नाही असंच लिहू ना?"
लिही.

आणीबाणीत कुणाला कळवायचं?
या रकान्यात अनंत असायचे.
"माझ्या आईला टाका," कॅलम म्हणाला
आणि मूठभर चिवडा तोंडात टाकून
ट्रेसीचा नंबर पाठ म्हणून दाखवला.

मग तो थांबला.
तुम्ही कधी दुसऱ्या नावानं ओळखल्या जात होता का?

चोवीस वर्षं मी तासगावात मथुरा होते.
मथे, दार लोट.
मथे, परकर उचल, काटे आहेत.
लग्नात ताटभर तांदूळ पसरले,
अनंतांनी अंगठीनं त्यात अनघा लिहिलं.
अनंतला अनघा शोभते, सगळे म्हणाले. पेढे वाटले.
ते तांदूळ परत डब्यात गेले,
दुसऱ्या दिवशी त्यांचा भात झाला असणार
आणि मीही जेवले असणार.

कॅलमनं शोधून पाहिलं. "हे तर शहर दाखवतंय."
शहरही आहे.
मिहिरला फोन लावला. तो वैतागला,
"आई, आता कुठल्या कागदावर आहे ते नाव?
उगाच अडकशील विमानतळावर."
कागदावर नाही. पण खोटं नाही लिहायचं,
वरच तशी तंबी आहे, ठळक अक्षरात.
मी म्हटलं, कॅलम, टाइप कर. एम, ए, टी, एच.

वडिलांचं नाव. आईचं नाव.
आई सरस्वती.
पण मामा एकदाच घरी आला होता, दारातच टेकला
आणि म्हणाला, ठकू, पाणी आण गं.
आई उठली ती जवळजवळ धावतच.
तशी धावताना मी तिला परत पाहिली नाही.
आईच्या दुसऱ्या नावाला रकाना नव्हता.
मी दोनदा वरखाली करून पाहिलं.

पैसे भरले. प्रलंबित, असं आलं.
रात्रभर फोन उशाशी.
पहाटे चारला उजळला. मंजूर.
खाली अनघा अनंत शेंबेकर, पासपोर्टवर आहे तशी.
मथुरा कुठेच नाही. आत कुठेतरी ठेवली असेल.

मेतकूट बांधलंय, लसणाची चटणी बांधलीय,
कस्टमवाल्यांनी काढून घेतली तर घेतली.
शालनचा मुलगा सांगत होता, मावशी, तयारीनं या.
झटक्यानंतर आईला वस्तू ओळखू येतात,
माणसंही येतात,
नावं तेवढी सापडत नाहीत.
पाण्याकडे बोट दाखवते आणि रडते.

मला मथी म्हणणारं ते शेवटचं माणूस.
आता मीच जाऊन सांगायचं तिला
की ती मला काय म्हणायची.
अमेरिकेच्या सरकारला मात्र कळवून ठेवलंय.
दोन वर्षं वैध आहे म्हणे.