समासातलं अंजीर

ऑर्नेसच्या मठात हुनबर्टबाबा भाष्य लिहीत,
म्हणजे ते सांगत आणि मी लिही.
त्यांच्या बोटांत थंडी कायमची मुक्कामाला आली होती.

खिडकीबाहेर राखाडी समुद्र,
खडकांवर सील पहुडलेले,
जेवून लवंडलेल्या पाहुण्यांसारखे,
आणि आत आम्ही दोघं वाळवंटात.
उंट मी त्यांच्याकडून शिकलो:
मोठी मेंढी समज, पाठीत टेकडी अडकलेली.
देवदार म्हणजे आपला ओकच,
पण गर्व झालेला.
द्राक्षवेल मात्र त्यांनी खरीच पाहिली होती,
दक्षिणेतल्या कुठल्याशा भिंतीवर,
हिवाळ्यात, पानं झडलेली.

त्या वर्षी आम्ही अंजिराच्या झाडापाशी पोचलो.
तेच, ज्याला फळ नव्हतं म्हणून शाप मिळाला.
आणि लिहिणाऱ्यानं तिथंच, जाता जाता,
नोंदवून ठेवलंय
की तो अंजिरांचा ऋतूच नव्हता.

बाबांनी चार पानं सांगितली.
चार पानं म्हणजे एका वासराची अख्खी पाठ.
झाड म्हणजे मन, पानं म्हणजे पोकळ शब्द,
ऋतू म्हणजे ऋतू नव्हेच,
असं बरंच.
मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं.

ईस्टरनंतर विगमुंड रोमहून परतला,
एक डोळा वाटेत कुठंतरी ठेवून.
त्याच्या झोळीत मेणबत्तीचं थोटूक,
कुणा संताच्या थडग्याची चिमूटभर माती
आणि मेणकापडात एक अंजीर,
सुकलेलं, चपटं, म्हाताऱ्या कानासारखं.

‘हे?’ बाबा म्हणाले.
एवढंच.
खिडकीशी नेऊन उलटंपालटं केलं, हुंगलं,
मग मोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं.
मधाचं बोट न लावता
काही इतकं गोड असू शकतं,
हे मला सोळाव्या वर्षी कळलं.

बाबा चघळत होते.
एक बी त्यांच्या उरलेल्या एकुलत्या दाढेत अडकली.
संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत
त्यांची जीभ तिच्याच मागं होती.
त्या दिवशी एक ओळ पुढं सरकली नाही.

रात्री दिवा घेऊन स्वतः आले.
म्हणाले, ‘खरवड.’
‘चारही पानं?’
‘चारही.’
मी चाकूनं, मग दगडानं घासत बसलो.
बाह्यांवर कातड्याचा भुगा, पिठासारखा.
त्या जागी त्यांनी एकच वाक्य सांगितलं:
*इथं मला कळत नाही. बिया फार आहेत.*
मला वाटलं पुढं काही येईल.
बोरूवरची शाई वाळून गेली.

वाचवून ठेवलेल्या काही बिया
भटारखान्याच्या उबदार भिंतीशी
एका फुटक्या मडक्यात पेरल्या होत्या.
रोज सकाळी काठी टेकत जात.
उन्हाळ्यात त्यातून उगवलं ते
अंगाला लागताच आग करणारं
आमच्याकडचंच खाजरं रोप.
टिलरेड माळ्यानं उपटायला हात घातला,
तर बाबा म्हणाले, ‘असू दे.
कोणाचा ऋतू आहे, आपल्याला काय ठाऊक.’

ते बर्फात गेले.
कुदळ जमिनीत शिरेना,
टिलरेडनं दोन दिवस तिथं शेकोटी पेटवून ठेवली.

त्यांचा ग्रंथ पुढं तीन मठांत नकलायला गेला.
तिन्ही नकलांत ते वाक्य नाही.
एका विद्वानानं समासात लिहिलंय:
‘डुलक्या घेणाऱ्या लेखनिकाची चूक’
आणि खाली स्वतःचा अर्थ भरलाय,
सुबक, पानभर.
माझी तक्रार नाही. मी डुलक्या घेतही असे.

मूळ पान आमच्याकडेच आहे.
उजेडात धरलं तर त्या वाक्याखाली
खरवडलेलं सगळं अजून दिसतं,
फिकट, तपकिरी,
धुऊनही न गेलेल्या डागासारखं.
आता मला तेही नीट दिसत नाही.
नव्या पोरांना मी बोट ठेवून जागा दाखवतो,
आणि दरवेळी
जीभ दाढेकडे जाते.