फ्लायव्हील साइड

बंद गाडीत पाचही पडतात.
दांडा ताकातल्या रवीसारखा फिरतो.
स्टार्टर मारला की
खर्रर्र.
आणि पुढं काहीच नाही.

फडतऱ्यांची जीप. इंजिन नाना पेठेतून आणलेलं,
गिअरबॉक्स तिचा स्वतःचा, जुना.
तीन दिवस भोसरीच्या या पत्र्याखाली
दोघांची समजूत घालतोय.

केबल ताणली. पेडलची चाल पट्टीनं मोजली.
ऑइल बदललं, तेही उधारीवर.
शेजारचा वेल्डर म्हणाला, सिंक्रो गेले.
फडतरे म्हणाले, इंजिनच पांढऱ्या पायाचं.
बागवानचाचा काही म्हणाले नाहीत,
लांब पान्याचं एक टोक बेलहाउसिंगला, एक कानाला,
ऐकत राहिले.
मग, "बंद असताना सगळेच शहाणे. उतरव."

पुन्हा जॅक, पुन्हा माझी पाठ फरशीवर.
टॉर्च मारला तर प्रेशर प्लेटच्या भोकातून
बारीक इंग्रजी अक्षरं
फ्लायव्हील साइड
सरळ माझ्याकडं बघतायत.

प्लेट मीच बसवली होती.
सोमवारी, घाईत,
आईचा फोन खांदा-कानात दाबून.

चाचांना इंग्रजी येत नाही, असं ते सांगतात.
प्लेट त्यांनी उलटी केली, फडकं फिरवलं,
"सेंटर नीट धर," म्हणाले
आणि चहा सांगायला गेले.

रात्री साडेनऊला पहिला पडला. नुसता टक्.
फडतरे इंजिनाशी अजून बोलतायत,
आता लाडानं.

बिलावर मी लिहिलं: क्लच जुळवणी.
मजुरीच्या रकान्यात
रेघ.