उंबरठा

यॉर्माचा डबा मंगळवारी आला,
बुधवारी तो वाजवत होता.
सातशे आवाज, म्हणाला, आणि दोन वर्षांची हमी.
माझ्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
झाकणावर घासून पुसट झालेलं रेनडिअर,
आत पितळी चकत्या, नाण्याएवढ्या.
ठोका लागला की त्यांतून किंचित वीज सुटते.
एवढंच त्यांना येतं.

हेर्वान्तात, सातव्या मजल्यावर,
ऑक्टोबरपासून मी त्यांना वायरी जोडतोय.
दिवसा लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो.
रात्री दहानंतर या इमारतीत
खोकायचं तेही उशीत तोंड खुपसून,
म्हणून हा मुका ड्रम:
रबराची चामडी, कानांवर हेडफोन.

हिशेब विचारू नका.
चिप, रेझिस्टर, जळालेली दुसरी चिप,
टपालात हरवलेली तिसरी,
डाग देताना भाजलेल्या अंगठ्याचं मलम.
बेरीज यॉर्माच्या डब्याच्या पुढे गेली कधीच.
नाकापेक्षा मोती जड,
आणि मोती अजून वाजत नाही.

वाजला तेव्हा
मी मारलं स्नेअरवर, बोलली झांज.
झांजेला नुसता हात लावला
तर तिघं एकदम,
एका खोलीत वाढलेल्या भावंडांसारखी:
चापट एकाला, रडं सगळ्यांचं.
शिवाय उशीर.
काठी पडते, मग बारीकशी पोकळी, मग आवाज.
आठ मिलिसेकंद, असं यंत्र सांगतं.
मला त्या पोकळीत
एक अख्खा डिसेंबर बसवता आला.

यॉर्मा कॉफीला आला, बूट दाराशी काढून.
डब्यात डोकावला, वायरींचा गुंता बघितला.
"तुला ड्रम वाजवायचाय
की डबा बनवायचाय?"
मी त्याला आणखी कॉफी ओतली.

प्रोग्रॅममध्ये एक आकडा असतो, उंबरठा.
त्याच्या खालचं काही आत घ्यायचं नाही:
बाहीची घसट, फ्रीजची घरघर,
मारू की नको म्हणत थबकलेलं मनगट.
यॉर्माच्या डब्यात तो कुणीतरी
दूरच्या कारखान्यात ठरवून ठेवलाय.
माझा मी ठरवतो.
पन्नास ठेवला. मग तीस.
अठरावर आणला त्या रात्री
काठीची कुजबुजही ऐकू यायला लागली,
दोन ठोक्यांमधलं ते
जे मी मारतो हे मलाच माहीत नव्हतं.

जानेवारी. बाहेर उणे चोवीस.
मी थांबलो होतो, काठ्या मांडीवर,
पाय खुर्चीखाली.
हेडफोनमध्ये मोठा ड्रम वाजला.
धप.
धप धप.
कुठली वायर सुटली म्हणून डबा उघडला,
सगळं जागच्या जागी.
हेडफोन काढले
तर तोच आवाज जमिनीतून.

खाली केतोलाबाई,
झाडूचा दांडा छताला लावून.
हाताचे ठोके रबराने गिळले होते, पायाचे राहून गेले होते.
माझा पाय तीन महिने ज्या वाटेने
तिच्या झोपेत उतरत होता
त्याच वाटेने तिचा दांडा वर आला
आणि चकतीने त्याला आपलं मानून
वाजवून दाखवला.

आकडा चाळीस केला असता
तर बाई नाहीशी झाली असती.
यॉर्माकडे ती आलीच नसती.
बोट बटणावर होतं.

मोज्यांवरच खाली गेलो.
दार उघडलं, झाडू अजून हातात.
मी माफी पाठ केली होती, ती अर्ध्यातच अडली.
बाईंनी मला वरपासून खाली पाहिलं.
"तिसरा," म्हणाल्या,
"तिसरा ठोका तुझा रोज उशिरा पडतो."
आणि दार लावून घेतलं.

यंत्राचा उशीर की माझा,
दोन आठवडे शोधतोय.
पायाच्या पॅडखाली आता फळी आहे,
फळीखाली सोळा टेनिसचे चेंडू.
चेंडू मात्र विकत आणले.
आकडा अठराच आहे.