ओली हळद

सांगलीच्या मार्केट यार्डात तेवीस वर्षं काटा धरलाय.
गोणी कलती केली तरी कळतं,
पन्नास भरणार, का कुणी मधेच किलोभर खाल्लाय.
पण शाळेतून ईश्वरीचं कार्ड आलं,
वय दहा, वजन बत्तीस, उंची एकशे तेहतीस,
खाली निळ्या पेनानं बीएमआय: अठरा पूर्णांक एक,
आणि मला काही वाचताच येईना.

रात्री मोबाईलला विचारलं.
साडेअठराच्या आत म्हणजे वजन कमी,
लाल अक्षरात आलं.
त्यानं वय विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

मग पंधरा दिवस
भातावर तूप, दुधात केळं,
झोपताना शेंगदाण्याचा लाडू.
"पप्पा, गोणी भरताय का?" पोरगी म्हणाली.
बायको हसली. मी नाही.

शनिवारी मुल्ला सिस्टरना गाठलं.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला.
"हा आकडा तुमचा असता, तर तुम्ही बारीक.
पाच वर्षांच्या पोरीचा असता, तर तिच्या आईला बोलावलं असतं.
दहाव्या वर्षी? ठीक आहे."
तक्ता उघडला. त्यावर वाकड्या रेषा,
हरिपूरकडं नदी वळते तशा, सगळ्या वर चाललेल्या.
"तिच्या वयाच्या शंभर मुली ओळीत लावा,
कमी आकड्यापासून चढत्या.
ही पासष्टावी-सत्तरावी असेल.
शंभरावी यायची शर्यत नाही ही."

येताना गाडी यार्डातूनच घातली.
पटांगणात हळद वाळत होती.
शेतातून शंभर किलो निघते,
शिजवून, वाळवून वीसेक भरते.
ओलीला वाळलेलीचा हिशोब लावला
तर अडत्या काट्यावरनं उठवेल मला.
आणि मी घरी नेमकं तेच...
जाऊ दे.

यंदाचं कार्ड आलंय.
एकशे चाळीस. साडेचौतीस.
उंचीचा वर्ग केला, भाग दिला,
खात्री नव्हती म्हणून परत दिला.
सतरा पूर्णांक सहा.
आकडा उतरलाय, पोरगी चढलीय.
गणवेशाचा घोळ आईनं दोनदा उसवला,
आता उसवायला कापड नाही.

काल डबा घेऊन आली ती,
चपला काढून मोठ्या काट्यावर चढली,
एका पायावर.
"किती, पप्पा?"
नीट उभी राहा, म्हटलं.
राहीना.
लाल आकडे पळत राहिले,
आणि मी पावतीपुस्तक मिटून
डबा उघडला.